रात्रीच्या फेरीने आपल्या माणसांकडे जाताना: कुत्रा बरोबर असो वा नसो

समुद्रापलीकडे राहणाऱ्या मुलीकडे, भावाकडे किंवा आईवडिलांकडे जाण्यासाठी रात्रीची फेरी निवडणाऱ्यांचा हिशेब साधा असतो. संध्याकाळी जहाजात बसायचे, रात्री झोपायचे आणि सकाळी पोहोचायचे. माणसांपुरता तो बराचसा बरोबर ठरतो, पण कुत्रा बरोबर असला की चुकतो. वेळापत्रकात छापलेले तास हे जहाज चालण्याचे तास असतात. कुत्र्याने इकडचे शेवटचे गवत सोडल्यापासून पलीकडचे पहिले गवत गाठेपर्यंतचे तास त्यात नसतात.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. नेदरलँड्समधील हुक ऑफ हॉलंडहून इंग्लंडमधील हार्विचला जाणारे रात्रीचे जहाज साधारणपणे रात्री दहाला सुटते आणि सकाळी साडेसहाला पोहोचते. कागदावर हे साडेआठ तास दिसतात. परंतु इंग्लंडचे घड्याळ एक तास मागे असल्यामुळे प्रत्यक्षात साडेनऊ होतात. त्यात सुटण्यापूर्वी गाडीच्या रांगेत गेलेला दीड तास आणि सकाळी उतरण्यात व तपासणीत गेलेला पाऊण-एक तास मिळवला, तर कुत्र्याच्या वाट्याला जवळजवळ बारा तास येतात. घरी रात्री आठ तास बिनतक्रार झोपणारा कुत्रा बारा तास काढेल असे गृहीत धरू नये. म्हणून सगळे नियोजन सकाळच्या त्या पहिल्या गवतापासून उलटे मोजत करावे, असे माझे मत आहे. पुढे लिहिलेले बहुतेक सर्व त्याच हिशेबातून आलेले आहे.

आधी ठरवायचे ते: कुत्रा न्यायचा की नाही

हा प्रश्न तिकीट काढण्यापूर्वी सोडवावा, कारण नंतर केबिनचा प्रकारच बदलावा लागतो. मुक्काम दोन-तीन दिवसांचाच असेल, तर कुत्र्याला ओळखीच्या माणसाकडे ठेवणे त्याच्यासाठी आणि आपल्यासाठीही सोयीचे. मुक्काम आठवड्याहून मोठा असेल, कुत्रा तरुण व निरोगी असेल आणि ज्यांच्याकडे जायचे त्यांनी मनापासून 'आणा' म्हटले असेल, तर न्यावे. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच विचारायची राहून जाते. घरात मांजर आहे का, कोणाला ॲलर्जी आहे का, भाड्याच्या घरात पाळीव प्राणी चालतात का, हे फोनवर स्पष्ट विचारावे. नातेवाईक संकोचाने 'काही हरकत नाही' म्हणतात. त्या वाक्याचा अर्थ आपल्यालाच ओळखावा लागतो.

चपट्या नाकाच्या जातींबाबत, म्हणजे पग, बुलडॉग वगैरेंबाबत, अधिक सावध राहावे. उष्णता आणि ताण यांत त्यांना श्वासाचा त्रास लवकर होतो आणि बंद गाडीत रात्र काढणे त्यांच्या दृष्टीने धोक्याचे असते. फार म्हातारा, हृदयविकाराचा किंवा एकटा राहिला की घाबरणारा कुत्रा असेल, तर पशुवैद्याशी बोलल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

तिकीट काढताना

कुत्र्याची रात्र कुठे जाणार याचे ढोबळमानाने तीन पर्याय असतात: प्राण्यांना परवानगी असलेली केबिन, जहाजावरचे केनेल (कुत्र्यांना ठेवण्याचे कप्पे), किंवा कार डेकवर, म्हणजे जहाजाच्या गाड्या ठेवण्याच्या मजल्यावर, आपलीच गाडी. तिन्ही पर्याय प्रत्येक जहाजावर मिळत नाहीत. प्राण्यांच्या केबिन मोजक्याच असतात आणि सुट्ट्यांच्या हंगामात सर्वांत आधी संपतात, म्हणून त्या मिळाल्या तरच तारीख पक्की करावी. आधी तारीख ठरवून मग केबिन शोधत बसू नये. ज्यांना गाडीशिवाय, पायी चढायचे आहे त्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. काही मार्गांवर पायी प्रवाशांना कुत्रा नेताच येत नाही. हे तिकिटाच्या पानावर ठळकपणे लिहिलेले असेलच असे नाही.

माझी पसंती नेहमी केबिनला. केनेल वाईट नसतात, पण शेजारचा कुत्रा रात्रभर भुंकला तर आपला झोपत नाही. गाडीचा पर्याय सर्वांत शेवटी ठेवावा. जहाज चालू असताना बंद वाहन-डेकवर कप्तानाच्या किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय प्रवाशाला जाता येत नाही, असा सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. काही जहाजांवर ठरावीक वेळी कर्मचारी सोबत येऊन कुत्र्याला बघू देतात, काहींवर तेही नाही. म्हणजे कुत्रा अंधारात, इंजिनाच्या घरघरीत, साखळ्यांच्या खणखणाटात एकटा आणि आपण वर. शांत स्वभावाचा, गाडीलाच घर मानणारा कुत्रा हे सहन करतो. बाकीच्यांवर ते लादू नये. पोर्ट्समथहून स्पेनमधील सान्तान्देरला जाण्यासारख्या, एका रात्रीहून अधिक लांबणाऱ्या प्रवासात तर गाडीचा विचार मनातही आणू नये.

कुत्रा नसताना केबिनची निवड फक्त झोप आणि बोट लागणे या दोन गोष्टींवर करावी. जहाज पुढेमागे आणि डावीकडे-उजवीकडे असे दोन्ही प्रकारे डुलते. लांबीच्या मध्याशी पहिले कमी जाणवते, खालच्या मजल्यांवर दुसरे. म्हणून ज्यांना बोट लागते त्यांनी मध्यावरची, खालच्या बाजूची केबिन मागावी. मात्र वाहन-डेकला अगदी लागून असलेल्या केबिनमध्ये साखळ्यांचा आवाज येतो, आणि नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, केबिनमध्ये धक्क्याला लागताना जहाज बाजूला सरकवणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यांची थरथर अशी जाणवते की पहाटेच्या गजराची गरज उरत नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी खालचा बर्थ मिळेल याची खात्री करून घ्यावी, कारण वरच्या बर्थची शिडी उभी आणि अरुंद असते. पैसे वाचवण्यासाठी मागे कलणाऱ्या खुर्च्या घेण्याचा मोह तिशीपर्यंत ठीक आहे.

कागदपत्रे: इथे घाई चालत नाही

माणसांची कागदपत्रे एका संध्याकाळी गोळा होतात, कुत्र्याची होत नाहीत. युरोपातील मार्ग धरून सांगायचे, तर क्रम असा असतो: प्रथम मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग प्रतीक्षा. चिप आयएसओ ११७८४ व ११७८५ या मानकांना धरून असावी. तिचा क्रमांक १५ आकडी असतो. लस चिपच्या आधी दिली असेल, तर ती प्रवासापुरती धरली जात नाही आणि पुन्हा द्यावी लागते. पहिल्या लशीच्या वेळी पिल्लू किमान १२ आठवड्यांचे हवे आणि त्यानंतर २१ दिवस जावे लागतात. म्हणजे १५ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू या मार्गाने नेण्याची गोष्टच सोडावी. लशीची मुदत एका दिवसाने जरी उलटली, तरी पुढची लस पहिली समजली जाते आणि २१ दिवस पुन्हा मोजावे लागतात.

मान्य यादीत नसलेल्या देशातून युरोपीय संघात शिरणाऱ्या कुत्र्याची रक्तचाचणीही लागते. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेतात, प्रतिपिंडांचे प्रमाण मिलीलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक यावे लागते आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. अशा कुटुंबांनी भेटीचा बेत अर्धा वर्ष आधी सुरू केला, तर तो अतिरेक ठरणार नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी १ जानेवारी २०२१ पासून चित्र बदलले. ब्रिटनने दिलेला जुना प्राणी-पासपोर्ट युरोपीय संघात जाण्यासाठी चालेनासा झाला आणि त्याऐवजी अधिकृत पशुवैद्याने दिलेले आरोग्य प्रमाणपत्र लागू लागले. ते पोहोचण्यापूर्वीच्या १० दिवसांच्या आत घेतलेले असावे लागते. प्रत्येक पशुवैद्याला ते देण्याचा अधिकार नसतो, म्हणून भेटीची वेळ काही आठवडे आधीच ठरवून ठेवावी.

आता सर्वांत जास्त लोक जिथे अडकतात ती बाब. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे या देशांत शिरणाऱ्या कुत्र्याला टेपवर्मवरचे (आतड्यातल्या पट्टकृमीवरचे) औषध पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पशुवैद्याने द्यायचे असते. औषधात प्राझिक्वांटेल असते. याच देशांपैकी एकातून थेट दुसऱ्यात जाताना सहसा ते लागत नाही. सोमवारी सकाळी साडेसहाला पोहोचायचे असेल, तर औषध देण्याची मुदत आधीच्या बुधवारी सकाळी साडेसहाला सुरू होते आणि रविवारी सकाळी साडेसहाला संपते. शनिवार-रविवारी दवाखाने बंद असतात हे धरले, तर प्रत्यक्षात हाती राहतात बुधवार ते शुक्रवार. परतीच्या वेळी आपण नातेवाइकांच्या गावी असतो, त्यामुळे तिथल्या पशुवैद्याची वेळ त्यांनाच आधी घेऊन ठेवायला सांगावे. भेट अगदी छोटी असेल आणि पाच दिवसांच्या आत परतायचे असेल, तर निघण्यापूर्वीच औषध देता येते. फक्त परत पोहोचताना २४ तास उलटून गेलेले आणि १२० तास न उलटलेले असावेत.

आमची एक फेरी याच कारणाने चुकली. पशुवैद्याने तारीख लिहिली, सही केली, शिक्का मारला. वेळ मात्र लिहिली नाही. बंदरावरच्या चेक-इन खिडकीमागच्या बाईंनी बोट त्या मोकळ्या चौकटीवर ठेवले आणि पान आमच्याकडे फिरवले. रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि दवाखाना सहालाच बंद झाला होता. तेव्हापासून मी दवाखान्याच्या दारातच प्रत्येक चौकट बोट ठेवून वाचतो: चिपचा क्रमांक, औषधाचे नाव, तारीख, वेळ, सही, शिक्का. चिप वाचणारे यंत्र त्यांच्याकडून एकदा फिरवूनही घेतो, कारण क्वचित चिप मानेवरून सरकून खांद्याकडे जाते आणि बंदरावर सापडत नाही.

नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढताना आणि निघण्याच्या पंधरा दिवस आधी अशी दोनदा सरकारी माहिती बघावी. कुत्र्याच्या खाण्याबाबतही हेच. युरोपीय संघात बाहेरून येताना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानातही आणण्यास मनाई असते, आणि कुत्र्याच्या बहुतेक खाद्यात मांस असतेच. पलीकडच्या घरी त्याच कंपनीचे खाद्य आधी आणवून ठेवले, तर बंदरावरही अडचण येत नाही आणि कुत्र्याचे पोटही बिघडत नाही.

महिनाभर आधीचा सराव

जहाजावर कुत्र्यांसाठी बाहेरच्या डेकवर एक कोपरा असतो. तिथे कृत्रिम गवत, वाळूचा ट्रे किंवा नुसता रंगवलेला पोलाद असतो. ज्या कुत्र्याने जन्मभर मातीवर आणि गवतावरच लघवी केली आहे त्याला हा कोपरा शौचाचा वाटतच नाही. आमच्या चिंगीला पहिल्या खेपेला मध्यरात्री तिथे नेले तेव्हा वारा इतका होता की तिचे कान उलटे झाले होते. तिने ट्रेचे चारही कोपरे हुंगले, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे दाराशी जाऊन बसली. पुढे पहाटेपर्यंत तीन फेऱ्या झाल्या आणि तिन्ही वेळा तेच.

यावर उपाय एकच, आणि तो घरी करायचा असतो. रोज कुत्रा लघवी करतो त्याच क्षणी एक ठरावीक शब्द उच्चारावा, म्हणजे कुत्रा शब्द आणि कृती यांची सांगड घालतो. मग हळूहळू जागा बदलावी: गवतावरून फरशीवर, फरशीवरून शोषक पॅडवर, पॅडवरून कृत्रिम गवताच्या तुकड्यावर. हा तुकडा त्याच्या वासासकट पिशवीत घालून जहाजावर न्यावा आणि त्या कोपऱ्यात पसरावा. चिंगीला हे जमायला पाच आठवडे लागले. दुसऱ्या खेपेला ती डेकवर पोहोचल्यावर दोन मिनिटांत मोकळी झाली, आणि तिथे उभ्या असलेल्या तिघा अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे कुत्रे अजून हुंगतच होते.

जिन्याचाही सराव करावा. डेकवर जाणारे जिने बऱ्याचदा लोखंडी जाळीचे असतात आणि खालचे आरपार दिसते. कित्येक कुत्री पहिल्याच पायरीवर चारही पाय रोवून उभी राहतात. उचलण्याजोगे असेल तर उचलावे. मोठ्या कुत्र्यासाठी लिफ्ट कुठे आहे हे चढतानाच विचारून ठेवावे. सामायिक जागेत पुष्कळ ठिकाणी मुसके सक्तीचे असते, म्हणून त्याचीही सवय घरी, खाऊ देत देत, रोज काही मिनिटे करवावी. नवे मुसके बंदरावर प्रथमच बांधणे म्हणजे कुत्र्याचा आणि आपलाही अंत पाहणे.

गुंगीचे औषध परस्पर देऊ नये. त्याने रक्तदाब उतरतो, शरीराचे तापमान सांभाळणे कुत्र्याला जड जाते आणि हलत्या जमिनीवर तोल राहत नाही. ज्या कुत्र्याला गाडी लागते त्याच्यासाठी मॅरोपिटंट हे उलटीवरचे औषध पशुवैद्य देऊ शकतात. त्याने गुंगी न येता मळमळ थांबते. माणसांनीही बोट लागण्याची गोळी जहाज हलू लागल्यावर नव्हे, तर चढण्यापूर्वीच घ्यावी, कारण उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही.

निघण्याचा दिवस

कुत्र्याचे मुख्य जेवण सुटण्याच्या चार-पाच तास आधी आणि नेहमीपेक्षा थोडे कमी असावे. पाणी तोडू नये. थोडे थोडे देत राहावे. दुपारी भरपूर चालवून दमवावे आणि बंदराच्या रांगेत शिरण्यापूर्वी शेवटचे गवत कुठे आहे हे नकाशावर आधी पाहून ठेवावे. एकदा रांगेत शिरल्यावर परत फिरता येत नाही.

गाडी लावून वर गेल्यावर सकाळपर्यंत खाली येता येत नाही, हे लक्षात ठेवून रात्रीची वेगळी पिशवी भरावी. तिच्यात कागदपत्रे, औषधे, चार्जर, एक उबदार कपडा, कुत्र्याची वाटी, पाणी, जुनी चादर, पॅड, पिशव्या आणि कागदी पुसणी असावीत. चादर धुतलेली नको. घरचा वास हेच तिचे काम. गाडीचा हँडब्रेक ओढून ती गिअरमध्ये ठेवावी आणि अलार्मचा आतली हालचाल टिपणारा भाग बंद करावा, नाहीतर जहाजाच्या डुलण्याने तो रात्रभर वाजतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. डेकचा क्रमांक आणि जिन्याचा रंग यांचा फोटो घ्यावा. सकाळी झोपेत शेकडो माणसे एकाच वेळी आपापली गाडी शोधत असतात. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल, तर लिफ्टजवळ गाडी लावू देण्याची विनंती चेक-इनच्या खिडकीवरच करावी. वर चढल्यानंतर कोणालाही काही करता येत नाही.

केबिनमध्ये पहिले काम म्हणजे दारामागचा आराखडा वाचणे. सात किंवा अधिक आखूड भोंगे आणि मग एक लांब भोंगा वाजला, की आपल्या एकत्र जमण्याच्या ठिकाणी जायचे असते. ते ठिकाण कुठे आहे हे एकदा चालत जाऊन बघून यावे; कुत्र्याच्या डेकची वाटही त्याच फेरीत सापडते.

रात्र

जहाज सुटल्यावर पहिला तासभर केबिनमध्येच बसावे. कुत्र्याला थरथर आणि अनोळखी आवाज पचवायला तेवढा वेळ लागतो आणि आपण लगेच जेवायला निघून गेलो, तर तो दार खरवडतो. जेवण दोघांनी आळीपाळीने करणे उत्तम. त्यानंतर, साधारण अकराच्या सुमारास, डेकची पहिली फेरी करावी. दोरी आखूड धरावी आणि गळपट्ट्याऐवजी अंगात घालायचा हार्नेस वापरावा, कारण वाऱ्यात घाबरलेला कुत्रा गळपट्ट्यातून मान सोडवून घेतो. डेकवरून पलीकडे जाळीतून पाणी दिसते. याबाबतीत चूक दुरुस्त करता येत नाही.

त्या वेळी काही झाले नाही, तर मनाला लावून घेऊ नये. दोन वाजता उठण्यापेक्षा पहाटे पाचची फेरी अधिक फळते. झोपून उठल्यावर गरज खरी असते. केबिनच्या न्हाणीघरात पॅड आणि तो गवताचा तुकडा पसरून ठेवला, की तोही मार्ग उघडा राहतो.

सकाळ

घोषणा पोहोचण्याच्या बऱ्याच आधी होते आणि केबिन लवकर रिकामी करावी लागते. घड्याळ कोणत्या देशाच्या वेळेवर चालले आहे हे आदल्या रात्रीच विचारावे. नातेवाइकांना सांगताना जहाज धक्क्याला लागण्याची वेळ सांगू नये. त्यात किमान एक तास मिळवून सांगावे, नाहीतर मेहुणा किंवा वडील बंदराबाहेर गाडीत बसून दर पाच मिनिटांनी फोन करतात आणि त्याच वेळी आपण पासपोर्टच्या रांगेत एका हातात कागद, दुसऱ्या हातात दोरी घेऊन उभे असतो.

बाहेर पडल्यावर थेट घरी जाऊ नये. पहिल्या मोकळ्या जागी थांबून कुत्र्याला वीस मिनिटे चालू द्यावे, पाणी द्यावे, आणि थोडे खायला द्यावे. घरी दुसरा कुत्रा असेल, तर दोघांची पहिली भेट दारात किंवा दिवाणखान्यात घडवू नये. यजमानांना त्यांचा कुत्रा घेऊन रस्त्यावर बोलवावे, दोन्ही कुत्र्यांना शेजारी-शेजारी थोडे चालवावे आणि मग सगळ्यांनी एकत्र घरात शिरावे. मुलांना आधीच सांगून ठेवावे की प्रथम कुत्रा त्यांच्याकडे येईल, ती कुत्र्याकडे धावणार नाहीत. घरात आपली न धुतलेली चादर एका कोपऱ्यात पसरली, की चिंगी तिच्यावर तीनदा गोल फिरते आणि दुपारपर्यंत उठत नाही. तोवर चहा होतो, आणि परतीच्या औषधासाठी पशुवैद्याची वेळ कोणत्या दिवशी मिळाली आहे ते विचारून घेता येते.